टायरवरचा आकडा

जुन्या मोटारसायकलची किंमत कानकाका कधी तोंडाने सांगत नसत. गाडी पाहून झाली की खिशातून खडू काढून ते पुढच्या टायरवर आकडा लिहायचे आणि बाजूला व्हायचे. घेणाऱ्याने आणि देणाऱ्याने तो एकाच वेळी वाचायचा. पटला तर गाडी आकड्यासकट रस्त्याला लागायची आणि चार वळणांत रस्ताच तो पुसून टाकायचा. नाही पटला तरी हाताने पुसायचा नाही. छत्तीस वर्षांत त्यांनी एकही आकडा पुसला नव्हता.

कानकाका हे नाव त्यांना त्यांच्याच गॅरेजात पडलं. हातभर लांबीचा एक स्क्रूड्रायव्हर होता. त्याचं टोक चालू इंजिनाला टेकवायचं, लाकडी मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मुठीतून इंजिनाचं पोट ऐकू येई. कुठलं बेअरिंग थकलंय, कुठला व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, पिस्टनच्या कडा किती झिजल्यात, सगळं. गॅरेज बंद करून सात वर्षं झाली, तरी माणसं शोधत यायची. कानकाकांनी ऐकली म्हणजे गाडी ऐकली.

गेल्या वर्षभरात ते ऐकणं हळूहळू विझत चाललं होतं. आधी चमच्यांचा आवाज गेला, मग खिडकीबाहेरची पाखरं, मग दारावरची थाप. कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढून दाखवला. उजवीकडे खाली जाणारी ती रेघ कानकाकांना कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी दिसली, जिच्यावर आता एकही कपडा उरला नव्हता. डाव्या कानाशी कुणी मोठ्याने बोललं किंवा समोरून बोलणाऱ्याचे ओठ दिसले तर कळायचं. ही गोष्ट घरात बायकोला तेवढी ठाऊक होती.

"तुम्हाला ऐकू येत नाही हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं," ती डाव्या कानाशी येऊन ओरडली. "डॉक्टरांना आत्ता कळलं."

पण हसून झाल्यावर तिने विचारलं, "मग आता गाड्या बघायला जाणार नाही ना?"

 दुसऱ्याचा पैसा त्यांच्या कानावर ठेवलेला होता. कान गेला असं सांगायचं, तर मागच्या वर्षभरातल्या किमतींचं काय? आणि उद्यापासून आपण कोण?

त्या शनिवारी दुपारी दातांचे डॉक्टर त्यांना न्यायला आले. या डॉक्टरांना जुन्या मोटारसायकलींचा नाद होता. घरी तीन होत्या, चौथी हवी होती. विकणारी एक शिवणकाम करणारी बाई. वडील गेल्या हिवाळ्यात वारले, गाडी तिच्या कामाच्या खोलीत उभी, आणि तिला तिथे नवीन मशीन टाकायचं होतं.

"गाडी पन्नास वर्षांची आहे," रस्त्याने चालताना डॉक्टर डाव्या बाजूने सांगत होते. सुदैवाने. "पण म्हाताऱ्याने तिच्यात काय काय बदल करून ठेवलेत. तुम्हीच बघा. मला तर कळेना, ही गाडी आहे की माळ्यावरचं सामान."

बाईंनी गाडी आधीच अंगणात काढून ठेवली होती. कानकाका दोन पावलांवर थांबले. ही गाडी ते ओळखत होते. शहराला पाणी पुरवणाऱ्या पंपावर एक फिटर होता. रोज सकाळी सहाला तो याच गाडीवर गॅरेजसमोरून जायचा. पंधरा वर्षं. कानकाका गॅरेजमागच्या घरात अंथरुणात असायचे आणि गाडी गल्लीच्या टोकाला आली की त्यांचा दिवस सुरू व्हायचा. फिटरशी ते कधी बोलले नव्हते. गाडीशी मात्र रोज भेट व्हायची.

"पंपावरचे फिटर, तुमचे वडील का ते," ते म्हणाले. "बसा, बसा, तुम्ही कापड सोडून कशाला उभ्या?"

"मी बघते, काका. तुमचं चालू द्या." बाईंच्या गळ्यात मोजपट्टी होती आणि दंडावर टाचण्या खोचलेल्या होत्या.

डोळे आणि बोटं अजून चोख होती. त्यांनी इंजिनावरचा नंबर आणि चेसिसवरचा नंबर ताडून पाहिला. जुळत होते. लोहचुंबक टाकीवरून फिरवलं, पुट्टीचा भाग कुठे येतो ते पाहायला. ते एकदाही सुटलं नाही, सगळा पत्राच. पण टाकी उभी कापून, रुंद करून, पुन्हा सांधली होती आणि गुडघे बसतील असे दोन खोलगे तिच्यात ठोकले होते. हँडल पाण्याच्या पाइपचं, छातीपर्यंत मागे वाकवलेलं. पेट्रोलच्या नळीवर चामड्याचं वॉशर घालून बसवलेली चक्क पितळी तोटी. आणि मागे, चालवणाऱ्याच्या पाठीशी, लहान खुर्चीची पाठ तोडून केलेली एक इवलीशी सीट.

"ही कुणाची?"

"माझी. शाळेत जाताना मी झोपायचे, म्हणून त्यांनी पाठ लावली. हँडल मागे घेतलं कारण त्यांचा खांदा पुढे जायचा नाही."

"म्हणजे गाडी नाही, अंगरखाच शिवला," कानकाका म्हणाले.

बाई हसल्या. "मापाचा. दुसऱ्याला व्हायचा नाही."

"मूळ हँडल, मूळ टाकी?"

बाई आत गेल्या आणि कापायच्या टेबलाखालून चादरीत गुंडाळलेलं बोचकं घेऊन आल्या. हँडल होतं, मडगार्ड होतं, दिवा होता. टाकी अर्थात नव्हती. डॉक्टरांचा चेहरा उजळला. जुन्या गाडीला मूळपणाचा भाव असतो, केलेल्या हौसेचा नसतो. प्रत्येक बदल म्हणजे वजाबाकी. पण बदललेला भाग जपून ठेवलेला असला की बरीचशी वजाबाकी परत मिळते. कानकाकांनी मनात आकडे वर-खाली केले. आता फक्त इंजिन उरलं होतं, आणि निम्मी किंमत इंजिनात होती.

त्याच वेळी डॉक्टरांचा फोन वाजला. कुणाची तरी दाढ. "आलोच," म्हणून ते फाटकाबाहेर रस्त्यावर गेले.

बाईंनी तोटी फिरवली, साडीचा पदर खोचला आणि वडिलांची रीत असावी तशी किक एकदा हळूच दाबून, मग अंगाचा भार टाकून मारली. तिसऱ्या किकला गाडी धडधडली. कानकाकांनी स्क्रूड्रायव्हर टेकवला, मूठ सवयीने उजव्या कानाला लावली आणि डोळे मिटले.

आणि त्यांना ऐकू आलं.

आधी लांबून, गल्लीच्या टोकाहून, मग जवळ. सहाची गाडी. एकेक ठोका सुटा आणि गोल, पाण्यात सोडलेल्या दगडासारखा. वर व्हॉल्व्हच्या टॅपेटची बारीक टिकटिक, खाली क्रँकची भरलेली, शांत घरघर. ठोक्यांच्या मधल्या जागेत रिकामा रस्ता होता, ओला, अजून दिवे न मालवलेला. त्या रस्त्यावर एक माणूस चालला होता आणि त्याच्या पाठीला टेकून एक मूल झोपलं होतं. कानकाकांना वाटलं, आपला कान परत आलाय. कानाच्या डॉक्टरांची रेघ चुकली असेल. ते किती वेळ तसे वाकून उभे होते कोण जाणे. मग सरळ झाले, खडू काढला आणि टायरवर लिहिलं: दोन लाख.

"इंजिन ठणठणीत," ते म्हणाले. "असं इंजिन आता ऐकायला मिळत नाही."

बाईंनी आकडा पाहिला, मग फाटकाकडे पाहिलं. डॉक्टर बाहेर पाठमोरे उभे होते, फोनवर कुणाला तरी गुळण्या करायला सांगत होते. बाई चालत कानकाकांच्या डाव्या बाजूला आल्या. मघापासून काका तोच कान पुढे करत होते.

"काका, गाडी केव्हाच बंद पडली."

"काय?"

"तुम्ही मूठ कानाला लावली आणि चार ठोक्यांत बंद पडली. मी तीनदा हाक मारली."

कानकाकांनी सिलिंडरवर तळहात ठेवला. जेमतेम कोमट.  हात कापत होता, आणि आपला तोच कापरा आपण इंजिन म्हणून मुठीत धरला होता, हे त्यांना कळलं.

"सांगितलंत कशाला?" ते हळूच म्हणाले. "आकडा तुमच्या फायद्याचा होता."

"पुढे गाडी बिघडली की ते तुमच्याच दारात येतील. आणि मी उसवलेलं झाकून कपडा देत नाही कुणाला." मग जरा थांबून, "आमचे आबाही शेवटी असेच. टीव्ही बंद असायचा आणि ते बातम्या ऐकायचे."

कानकाकांना हसू आलं, आणि त्या हसण्यानेच पुढचं सोपं झालं. त्यांनी स्क्रूड्रायव्हर बाईंच्या हातात दिला. "पुन्हा सुरू करा. ऐका तुम्ही, आणि मला सांगा. जे ऐकाल ते. माझे शब्द शोधू नका."

गाडी सुरू झाली. बाईंनी मूठ कानाला लावली. या वेळी कानकाका डोळे उघडे ठेवून त्यांच्या तोंडाकडे पाहत होते.

"वर टिकटिक आहे!" त्या ओरडल्या. "छोटी कात्री हवेत चालवावी तशी!"

"टॅपेट. बोलू दे. गप्प टॅपेटपेक्षा बोलकं बरं. खाली?"

स्क्रूड्रायव्हर खाली आला. कानकाकांनी पेट्रोल वाढवलं, सोडलं, पुन्हा वाढवलं.

"वाढवलंत की एक ठोका येतो. जड. जीन्सच्या चौपदरी शिवणीवर सुई चढते ना, तेव्हा मशीन आतून हुंकारतं, तसा. सोडलंत की नाही."

कानकाकांनी गाडी बंद केली. क्रँकचं बेअरिंग. आज ना उद्या इंजिन पूर्ण उतरवावं लागणार. सहाच्या गाडीत हा ठोका नव्हता. तो त्यानंतरच्या वर्षांतला होता, जेव्हा त्यांनी तिला ऐकलंच नव्हतं.

डॉक्टर आत आले, टायर पाहिलं आणि हात चोळले. "दोन! म्हणजे इंजिन मस्त. मला वाटलंच होतं."

कानकाका खाली बसले. अंगठ्याला थुंकी लावून त्यांनी आकडा पुसला. टायर काळं, अंगठा पांढरा. शेजारी नवा आकडा लिहिला: एक लाख चाळीस हजार.

"हे काय?" डॉक्टर म्हणाले. "तुम्ही तर पुसत नाही कधी."

"तो मी न ऐकता लिहिला होता. मला ऐकू येत नाही, डॉक्टर. वर्ष झालं. आता या बाईंनी ऐकलं आणि मला सांगितलं. क्रँकचं बेअरिंग गेलंय. घरी नेताना दुसऱ्या गिअरच्या वर जाऊ नका."

डॉक्टरांनी नवा आकडा पुन्हा वाचला. "आणि माझी तिसरी गाडी? ती तुम्ही सहा महिन्यांपूर्वी ऐकलीत."

"ती उद्या आणा. या येत असतील तर यांच्या कानाने, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या. फरक निघाला तर मी भरून देईन."

"माणूस दात दुखतोय हे लपवतो तेवढं मी समजू शकतो," डॉक्टर शेवटी म्हणाले, ना रागाने, ना मायेने. "पण तुम्ही फार दिवस लपवलंत." मग बाईंकडे वळून, "मला मान्य आहे. तुम्हाला?"

बाईंनी मान हलवली. "फक्त मागची सीट मी ठेवून घेते."

दोन नट होते. कानकाकांनी ते स्वतः सोडवले.

डॉक्टर गाडीवर बसले. मागे वाकवलेलं हँडल त्यांच्या पोटात आलं आणि ते अवघडून, एखाद्या पाहुण्यासारखे बसून राहिले. मग फाटकातून हळूहळू बाहेर पडले. टायरवरचा आकडा एकदा वर आला, खाली गेला, पुन्हा वर आला.

कानकाका आणि बाई फाटकाशी उभे होते. बाईंच्या काखेत ती छोटी सीट.

"गेली?" कानकाकांनी विचारलं.

"औषधाच्या दुकानापर्यंत," बाई डाव्या कानाशी म्हणाल्या. "गिअर बदलला. दुसरा."

"आता?"

"वळली. थोडी थोडी येतेय अजून." त्यांनी मान तिरकी केली. "आता नाही."

कानकाकांनीही मान तिरकी केली होती. ते रस्त्याच्या रिकाम्या टोकाकडे पाहत होते.

"मला येतेय," ते म्हणाले.

"येऊ दे की," बाई म्हणाल्या. "तिच्यावर आकडा तेवढा लिहू नका."