धनूची टरफलं

लंकाबाईचं उभं आयुष्य विस्तवापुढं गेलं. पाथर्डीकडच्या कोरडवाहू गावातून ती ऊसतोडीला यायची, तेव्हा पाचटाच्या कोपीपुढच्या तीन दगडांवर भाकरी थापून मगच कोयता हातात घ्यायची. नवरा गहिनीनाथ उसाच्या ट्रॅक्टरखाली सापडून गेला, त्या साली मुलगी धनश्री सात वर्षांची होती. "हिला फडात न्यायची न्हाई," एवढं एकच ठरवून लंकाबाई श्रीरामपुरात आली आणि मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाला लागली. सकाळी दीडशे पोळ्या, संध्याकाळी दीडशे. बोटांना चटका कळेनासा झाला होता.

धनश्री शिकली, केकच्या दुकानात कामाला लागली. घरी भट्टी नव्हती, म्हणून मोबाईलवर बघून ती न भाजता, न शिजवता होणारे पदार्थ करायची. त्यातले लिंबाचे ट्रफल गल्लीत गाजले. मारी बिस्किटांचा भुगा, डब्यातलं घट्ट गोड दूध, लिंबाची किसलेली साल, थोडा रस; सगळं मळून सुपारीएवढे गोळे वळायचे, खोबऱ्याच्या किसात घोळवायचे आणि फ्रिजमध्ये ठेवायचे. लंकाबाईच्या तोंडी तो शब्द कधी बसला नाही. ती 'टरफलं' म्हणायची.

"आई, टरफलं म्हटल्यावर कोण खाईल गं?" धनश्री हसायची.

"साल घालतीस त्यात, मग टरफलंच की."

जानेवारीत धनश्रीच्या पोटात दुखायला लागलं. नगरला तपासण्या झाल्या, आतड्यात गाठ निघाली. ती सव्वीस वर्षांची होती. डॉक्टरांनी लंकाबाईला बाहेर बोलावून जे सांगितलं त्यातलं निम्मं तिला कळलं, आणि तेवढं पुरेसं होतं.

दुसऱ्या केमोनंतर घरात फोडणी टाकायची सोय राहिली नाही. मोहरी तडतडली की धनश्री उशीत तोंड खुपसायची. नुसता भात शिजल्याचा वास आला तरी तिला ओकारी यायची. एक दिवस तिनं भिंतीकडं तोंड करूनच म्हटलं, "आई, माझ्यासाठी एवढं कर. घरात गॅस नको लावू."

लंकाबाईनं त्याच दिवशी सिलेंडर बंद केला. स्वतः वसतिगृहातच दोन घास खाऊन यायची आणि लुगड्याला लागलेला तेलाचा वास जावा म्हणून मोरीत अंघोळ करून मगच लेकीजवळ बसायची. पलीकडच्या मार्थाबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, त्यांनीही कुणी न सांगता घरात सुकट भाजणं सोडून दिलं.

पण धनश्रीनं खायचं काय? तिच्या तोंडाला सारखी लोखंडाची चव असायची. दूध नको, फळ नको. एप्रिलात एका दुपारी ती म्हणाली, "माझे ट्रफल खावेसे वाटतात. मी सांगते, तू कर."

दीडशे पोळ्या लाटणारी बाई, पण विस्तवाशिवाय काही करायचं म्हणजे तिला हात बांधल्यासारखं झालं. धनश्री पलंगावरून सांगत होती. "साल नुसती वरची, पिवळी किस. पांढरं लागलं की कडू होतं. हळू. लिंबू फिरवत राहा." लंकाबाईनं लिंबाबरोबर बोटही किसलं. रस पडल्यावर दूध आपोआप घट्ट झालं, तेव्हा तिला नवल वाटलं. "हे बिनजाळाचं कसं आळलं गं?"

"लिंबानं आळतं. बघ, गॅस लागतो का कुठं."

गोळे गार झाल्यावर धनश्रीनं एक तोंडात धरला. जिभेवर इकडून तिकडं फिरवला. मग म्हणाली, "कळतंय. थोडं कळतंय. अजून आंबट कर."

मग रोजचंच झालं. दोन लिंबांची चार झाली, चारांची सहा. जूनमध्ये साल इतकी पडायची की गोळा हिरवटपिवळा दिसायचा, तरी धनश्री म्हणायची, "अजून." तिची जीभ मागं मागं सरत होती आणि लंकाबाई लिंबू घेऊन तिच्या मागं धावत होती. शेवटच्या आठवड्यात अर्धा गोळा जिभेवर ठेवून ती नुसती पडून राहायची. "लागतंय का?" लंकाबाई विचारायची. धनश्री मान हलवायची. आईसाठी हलवायची की खरंच लागायचं, ते लंकाबाईला समजायचं नाही.

आषाढ संपता संपता, सकाळी केस विंचरून घेता घेता ती गेली. लंकाबाईचा हात फणीसकट तिच्या डोक्यावरच राहिला.

दहाव्याला गावाकडची माणसं आली आणि गेली. घरात गॅस लावायला आता कुणाची हरकत नव्हती. लंकाबाई शेगडीसमोर उभी राहायची, लायटर उचलायची आणि ठेवून द्यायची. वसतिगृहातल्या पोळ्या मात्र तिनं एक दिवसही चुकवल्या नाहीत.

डिसेंबरात मार्थाबाईंच्या दारात चांदणी लागली. दर नाताळला धनश्री त्यांना एक डबा भरून द्यायची. लंकाबाईनं लिंबं आणली, बिस्किटं कुटली, सांगणारं कुणी नसताना सगळं केलं आणि डबा घेऊन पलीकडं गेली.

मार्थाबाईंनी एक गोळा तोंडात टाकला. त्यांचे डोळे मिटले गेले, जबडा आखडला. तरी त्यांनी तो सगळा खाल्ला.

"आंबट झालं का बाई?"

"जरा आहे."

"तिला येवढंच लागायचं. मला दुसरं येतच न्हाई." लंकाबाई डब्याकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाई, पयली कशी असायची? धनू चांगली हुती तवाची? ती म्हणायची, आई एक खा. मी म्हणायची, लोकायची हायेत, ठेव डब्यात. म्या एकबी कधी खाल्लं न्हाई."

मार्थाबाईंनी चष्मा काढला. घाईनं काहीतरी सांगून टाकावं असं त्यांना वाटलं नाही. आठवून आठवून त्या म्हणाल्या, "गोड असायचे, लंकाबाई. आधी खोबरं लागायचं. मग बिस्किट. लिंबू अगदी शेवटी, गिळून झाल्यावर. वाटायचं, संपलं, आणि मग यायचं."

"शेवटी?"

"हो. गिळल्यावर."

लंकाबाईनं त्यांना ते आणखी एकदा सांगायला लावलं. संध्याकाळच्या पोळ्यांची वेळ होत आली होती, पण ती तिथंच उंबऱ्याशी बसून राहिली, आणि मार्थाबाई तिच्या शेजारी खाली बसल्या.