संथ भागातली दाद

न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थच्या आमच्या हौशी वाद्यवृंदात मी अगदी मागच्या रांगेत व्हायोलिन वाजवायचे. दिवसभर हॉस्पिटलच्या फार्मसीत औषधं, संध्याकाळी तालीम. आमचे कंडक्टर सत्तरी ओलांडलेले इंग्रज होते आणि त्यांचं वेड एकच, ब्रिटिश संगीत. जर्मनांचं, ऑस्ट्रियनांचं सगळं जग वाजवतं, आमच्या माणसांचं कोण वाजवणार, असं म्हणायचे. इंग्लंडमध्ये गावोगावच्या वाद्यवृंदांत उभी हयात त्यांनी यातच घालवली. दर मोसमात एखादा विसरलेला ब्रिटिश संगीतकार कार्यक्रमात घुसवायचा, अर्ध्या रिकाम्या सभागृहापुढे वाजवायचा आणि पुढच्या वर्षी आपल्याला ठेवतात का ते बघायचं. काही ठिकाणी नाही ठेवलं. मुलीपाठोपाठ न्यूझीलंडला आले, तरी खोड गेली नाही.

खरं सांगायचं तर मला त्यांचा वैतागच यायचा. वाजवायला अवघड, ऐकणाऱ्याला अनोळखी, मग हा अट्टहास कशाला?

२०१६च्या आसपास त्यांनी निवृत्त व्हायचं ठरवलं. निरोपाच्या कार्यक्रमात लोकांना आवडणारे वॉल्ट्झ घ्या, असं समितीच्या अध्यक्षबाई परोपरीने सांगत होत्या. यांनी मात्र तरुणपणापासून जवळ बाळगलेली एक सिंफनी काढली. तालमीला आम्हाला म्हणाले, "माझ्यानंतर हिला कुणी हात लावणार नाही. जाता जाता एखाद्याच्या तरी मनात ती राहावी, एवढंच."

ते ऐकून माझा वैताग पार विरघळला. सभागृह रिकामं राहू द्यायचं नाही, या हट्टाने मी गावातल्या झाडून सगळ्या मराठी घरांना फोन केले. नेमके तेव्हा बाबा पुण्याहून आले होते. गाण्याच्या बैठकांना पहिल्या रांगेत बसण्यात त्यांचा जन्म गेलेला. सगळ्यांना मी बजावलं, सिंफनीच्या दोन भागांच्या मध्ये टाळ्या वाजवायच्या नाहीत. बाकी काही सांगायचं मला सुचलंच नाही.

कार्यक्रमात सिंफनीचा दुसरा, संथ भाग सुरू झाला. तिथे चेलो, व्हायोलिनचा खर्जातला थोरला भाऊ, एकटाच हळूहळू वर चढतो, शेवटच्या सुराच्या अलीकडे किंचित थांबतो आणि तो सूर न घेताच खाली उतरतो. सभागृह चिडीचूप. आणि तिसऱ्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "वा! क्या बात है!"

बाबा!

माना वळल्या. धरणी दुभंगेल तर बरं, असं मला झालं. पुढचं सगळं मी स्वरलिपीत डोकं खुपसून वाजवलं. कंडक्टरकडे बघायची हिंमतच झाली नाही.

नंतर चहाच्या वेळी अध्यक्षबाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "पुढच्या वेळी तुझ्या पाहुण्यांना जरा आधी सांगून ठेवशील का?" मी तशीच तणतणत बाबांकडे गेले.

"बाबा, इथे असं मध्येच बोलत नाहीत हो!"

"अगं, एवढी सुंदर जागा घेतली त्याने. गप्प बसलो तर त्याला कळणार कसं?"

तेवढ्यात कंडक्टर कप घेऊन आमच्यासमोर उभे राहिले. मी "सो सॉरी, हे माझे वडील" असं सुरू केलं, पण त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी बाबांना विचारलं, "नेमकं कुठे आवडलं तुम्हाला?"

बाबांना तेवढं इंग्रजी कळलं. उत्तर देण्याऐवजी त्यांनी ती ओळ गुणगुणली, हात हवेत वर नेत, आणि शेवटच्या सुराच्या अलीकडे थांबले.

कंडक्टरांनी कप टेबलावर ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"तिथे दर वेळी माझा गळा दाटून येतो," ते मला म्हणाले. "लोक शेवटी टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. तिथे आणखी कुणाला काही होतं का, ते मला आजवर कधी कळलंच नव्हतं."

"काय म्हणाले गं?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही गप्प बसला नाहीत, म्हणून त्यांना कळलं," मी म्हणाले.