करंजी घाट आणि अळणी आयतवार

नगरहून निघालो तेव्हा शनिवारची पहाट होती आणि माझ्या सायकलच्या कॅरिअरला ग्लुकोजचा डबा बांधलेला होता. या डब्याला माझा तत्त्वतः विरोध होता. मासिकांतून त्याच्या पानभर जाहिराती येत. तुकतुकीत गालांचा एक खेळाडू पेला उंचावून हसताना दाखवलेला असे. ज्या देशात परवाच्या दुष्काळात माणसं खडी फोडून पोट भरत होती, तिथे ताकद डब्यात भरून विकायची, हे मला सहन होत नव्हतं. जाहिरातबाजीपासून बुवाबाजीपर्यंत सगळ्यावर तुटून पडणारं आमचं मंडळ दर पंधरवड्याला एक पत्रक काढी. पुढच्या पत्रकात या डब्याचा समाचार घ्यायचा, हे मी ठरवून टाकलं होतं. पण न चाखता शिव्या देणं हे अप्रामाणिकपणाचं, म्हणून डबा विकत घेतला आणि सोबत एकनाथला घेतलं.

एकनाथ मेहेकरीचा. पाथर्डी रस्त्यावरच्या या गावातून तो रोज सायकलला दुधाचे कॅन लटकवून नगरला येतो आणि माघारी जातो. अशा पायांच्या माणसाला शर्यत जिंकायला काय लागतं? तरी नगर–पाथर्डी–नगर या मागल्या शर्यतीत, परतीच्या वाटेवर सगळ्यांच्या पुढे असताना, करंजी घाटात त्याच्या पोटऱ्यांत गोळे आले आणि तो रस्त्याच्या कडेला बसला. त्याला टेम्पोत घालून आणावं लागलं. नंतर कितीतरी दिवस दुधाची गिऱ्हाइकं त्याला "टेम्पोवाले" म्हणत. येत्या महिन्यात पुन्हा शर्यत होती. एकनाथने मला सांगून ठेवलं होतं, "ह्या खेपेला आधी घाट चढून बघतो. पुन्हा गोळा आला, तर शर्यतीची सायकल विकून टाकतो. कॅनची सायकल हाय तेवढी बास."

म्हणून हा दोन दिवसांचा फेरा. नगर, नेवासा, शेवगाव, पाथर्डी, आणि शेवटी करंजी घाट. नियम मी घातला होता: एका टप्प्याला एकच पेय, सरमिसळ नाही. म्हणजे कशाने काय होतं ते कळेल. पाण्यासाठी भिंगारच्या बाजारातून लष्करातल्या जुन्या बाटल्या घेतल्या होत्या, बाहेरून कापड शिवलेल्या. कापड ओलं ठेवलं की आतलं पाणी गार राहतं.

घोडेगावपर्यंत ग्लुकोजचं पाणी. खरं सांगायचं तर पहिला तासभर डब्याने माझी पंचाईत केली. पाय हलके झाले, वारा मागून लागल्यासारखं वाटलं. पत्रकाचा मजकूर मनातल्या मनात बदलावा लागणार, असं वाटू लागलं. मग मात्र तोंड चिकट झालं, पोटात डचमळू लागलं आणि पाणी पिऊनही तहान जाईना. घोडेगावात चहाच्या टपरीवर आम्ही पेल्यात पूड ढवळत होतो, तर मालकाने मान लांब करून विचारलं,

"कोन आजारी हाय?"

"कुणी नाही," मी म्हणालो.

"मंग हे कशापायी? आमच्यात सलाईन काढल्यावर देत्यात."

"शर्यतीचं औषध हाय," एकनाथ म्हणाला.

"शर्यतीच्या आधीच आजारी पडताय व्हय!" टपरीवर बसलेले सगळे हसले. बाजाराला जनावरं घेऊन आलेला एक म्हातारा तर उठून आमच्या सायकली हात लावून बघून गेला, बैलाच्या पाठीवरून हात फिरवावा तसा.

दुपारी नेवासा आलं. प्रवरेला पाणी होतं. आम्ही गुडघाभर पाण्यात उभे राहिलो. पोटऱ्यांना त्या गार धारेने जो आराम दिला, तो कुठल्या डब्यात मिळायचा? काठावर उसाच्या रसाचा चरक बैल लावून चालला होता. रस आल्याचा, गारेगार. पण दोन पेल्यांनंतर डोळे जड झाले आणि आम्ही लिंबाखाली चक्क झोपलो. रसाचा निकाल तिथेच लागला: प्यावा, आणि मग कुठेही जाऊ नये.

जागे झालो तर उन्हं कलायला लागली होती. शेवगाव गाठायचं होतं. एका वस्तीवर एका बाईंकडे ताक मिळालं. त्या बाईंनी विचारायच्या आधीच त्यात बचकाभर वाटेल एवढं मीठ आणि जिऱ्याची पूड टाकली. दोन्ही बाटल्या भरून घेतल्या. आणि मग एकनाथ जो सुटला! मी पत्रकं वाटत गावं पालथी घालणारा माणूस, सायकल मलाही चालते, पण त्याची पाठ एवढीशी दिसायला लागली. दिवेलागणीला तो शेवगावच्या वेशीवर माझी वाट बघत आरामात बसला होता.

"गोळा?" मी धापा टाकत विचारलं.

"कशाचा गोळा? अजून एवढंच जाऊन ये म्हन, येतो."

शेवगावात एकनाथची धाकटी बहीण हिराबाई दिलेली आहे. तिने हुलग्यांचं माडगं (कुळथाच्या पिठाचं पातळ कालवण) केलं होतं, लसणाची फोडणी देऊन. आम्ही ते वाट्या तोंडाला लावून प्यायलो. घाम गेलेलं अंग भरून आल्यासारखं झालं. मला वाटलं, खेळाडूंचं पेय म्हणून जाहिरात करावी तर याची.

सकाळी हिराबाईने मला पिठलं-भाकरी वाढली आणि भावाला दूध-भाकरी. मी म्हणालो, "वा, माहेरच्या माणसाला दूध आणि पाहुण्याला पिठलं?"

"तुमाला बी देते की, दादा," ती लाजून म्हणाली. पण पिठलं इतकं चांगलं होतं की मी तो विषय सोडून दिला. सोडायला नको होता.

रविवारचा नियम होता लिंबू, साखर आणि मीठ. मीच सरबत करून दोन बाटल्यांत भरलं. एकनाथ आपली बाटली घेऊन आत गेला आणि बूच घट्ट करून आणली, असं म्हणाला. आम्ही निघालो. शेवगाव सोडल्यावर मुलूख कोरडा होत जातो. वाटेवरच्या वस्त्यांमधली कितीतरी घरं बंद होती. माणसं ऊसतोडीला गेलेली, कारखाने बंद झाल्यावरच परतणार. एका ओट्यावर एक आजी नातवंडं आणि कोंबड्या सांभाळत बसल्या होत्या. आम्ही पाणी मागितलं, तर त्यांनी आधी गुळाचे खडे पुढे केले. उन्हातून आलेल्याला इथे कुणी नुसतं पाणी देत नाही. मी नियम सांगायला लागलो, की या टप्प्याला फक्त सरबत. आजींनी हात तसाच पुढे ठेवून एकनाथला विचारलं, "ह्याला गूळ बी इच्यारून खावा लागतो व्हय?" मी मुकाट्याने खडा तोंडात टाकला. नियम मोडला, पण पाणी गोड लागलं.

पाथर्डीत गोटीसोड्याच्या गाडीवर थांबलो. ऊन चढलं होतं. सोडावाल्याने बोट बुचावर ठेवून विचारलं, "खारा का गोड?"

"गोड," मी तोंड उघडण्याआधीच एकनाथ म्हणाला.

"इतक्या उन्हात खारा घ्या, पावनं."

"गोडच दे म्हनलं ना!"

एवढं तोडून तो सहसा बोलत नाही. मला वाटलं, घाट जवळ येतोय म्हणून बिथरलाय.

तिसगाव गेलं, करंजी गाव मागे पडलं आणि चढ सुरू झाला. दुष्काळी कामावर लोकांनी फोडलेली खडी कडेने अजून ढिगांनी पडून होती. एकनाथ पुढे, मी मागे. पहिली वळणं त्याने सहज घेतली. मग एका वळणावर तो सायकलवर उभा राहिला, पुन्हा बसला, आणि पुढच्या वळणावर मला दिसला तो रस्त्याच्या कडेला, दोन्ही हातांनी पोटरी धरून.

"आला," तो म्हणाला. "त्याच जाग्यावर, बघ. हितंच बसलो हुतो."

मी त्याचा पाय मांडीवर घेऊन चोळला. पोटरी दगडासारखी झाली होती. त्याला पाजायला म्हणून त्याची बाटली उघडली आणि हातावर सांडलेलं चाटलं. नुसतं गोड. मिठाचा कणही नाही.

"हे मी केलेलं सरबत नाही."

एकनाथने बाटली माझ्या हातातून काढून घेतली आणि बूच लावलं.

"सकाळी आत जाऊन ओतून टाकलंस?"

"हिराकडनं दुसरं करून घेतलं. बिनमिठाचं."

"का पण?"

"आज आयतवार (रविवार) हाय."

मग सगळं बाहेर आलं. लहानपणी एकनाथचे डोळे आले होते, दिसायचं बंद व्हायची वेळ होती. आई सूर्याला नवस बोलली: पोराचे डोळे वाचव, तो जन्मभर आयतवार अळणी करील. त्या दिवसापासून रविवारी त्याच्या तोंडात मीठ नाही. आणि शर्यत नेहमी रविवारी. दूध-भाकरी, गोड सोडा, सगळ्याचा उलगडा झाला.

मी भडकलो. आमच्या पत्रकांत जे जे छापलं होतं ते सगळं त्या वळणावर म्हणून दाखवलं. डोळे औषधाने बरे झाले, सूर्याचा काय संबंध, घामावाटे मीठ जातं ते भरून काढलं नाही तर स्नायू आखडणारच, काल खाऱ्या ताकावर तू वाऱ्यासारखा गेलास हे काय मी स्वप्नात पाहिलं?

एकनाथने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पत्रकवाले, मला काय कळत न्हाई व्हय? काल ताक प्यालो तवाच कळलं. पर नवस माझा न्हाई, आईचा हाय. मी मीठ खाल्लं आन् उद्या डोळ्यात नुसतं कुसळ गेलं, तरी ती सोताला खाईल. सायकल इकतो. त्याला काय."

"मी बोलतो काकूंशी."

"एक शबूद बोलायचा न्हाई. बोललास तर पुन्हा घरी येऊ नको."

मी शब्द दिला. बोलण्याचा मला कधी त्रास झालेला नाही, गप्प बसण्याचा होतो. उरलेला घाट आम्ही सायकली ढकलत चढलो. वर आल्यावर वाऱ्याची झुळूक आली, खाली करंजीची शिवारं पिवळी दिसत होती. त्याच्या सायकलच्या चाकाचा टिकटिक आवाज ऐकताना मला वाटलं, इतकं चांगलं चाक आता कोण विकत घेणार.

मेहेकरीत पोचलो तेव्हा सूर्य अजून वर होता. काकू अंगणात तूर पाखडत होत्या. एकनाथ लंगडत आत शिरला. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"घाटात आला व्हय गोळा?"

"थोडासा."

"मागल्या साली बी आयतवारच हुता," काकू म्हणाल्या.

एकनाथने माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हात वर केले. मी एक अक्षर बोललो नव्हतो.

"त्याच्याकडं काय बघतो? माझ्याकडं बघ. जत्रंला जातानी तुझ्या बापाला असंच व्हायचं. मंग मीठ चाटवलं की उठायचा. मला मागंच कळलं हुतं."

"मंग बोलली का न्हाईस?"

"तू इच्यारलं का? मला वाटलं, ह्याला सोडायचं नसंल. देवाधर्माचं पोरगं हाय म्हनून गप बसले."

"मी तुझ्यापायी पाळतोय की, आई!"

"आन् म्या तुझ्यापायी!" काकू म्हणाल्या आणि कपाळावर हात मारून हसायला लागल्या. "दोघं बी येडी."

माझ्या तोंडाशी सगळं पत्रक आलं होतं. आता नवस सोडायलाच सांगतील, असं मला वाटलं. काकूंनी तसं काही केलं नाही. त्यांनी आतून मिठाची चिमूट आणली, अंगणात मावळतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि शेजाऱ्याशी बोलावं तशा मोठ्याने म्हणाल्या, "देवा, आयतवार सोडला, बुधवार धरला. तू काय आयतवारीच उगवतोस व्हय?" मग ते मीठ त्यांनी तांब्यातल्या ताकात टाकलं आणि तांब्या लेकाच्या हातात दिला. "पी. परसाद हाय."

एकनाथने तांब्या तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला. मी ग्लुकोजचा डबा काकूंना दिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "हे आजाऱ्याचं का? शेजारच्या बाळंतिणीला देते."

नगरचा उरलेला रस्ता मी एकटाच आलो, सावकाश. कुठलं पेय चांगलं, याचं उत्तर मिळालं होतं: चालवताना खारं ताक, उतरल्यावर माडगं, आणि उसाचा रस प्यायचा तर अंथरूण सोबत असावं. नवसाबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. डोळे औषधानेच वाचले, हे मी आजही सांगेन. पण शर्यतीच्या दिवशी एकनाथच्या बाटलीत मीठ असणार होतं, आणि ते माझ्या एकाही वाक्याने तिथे पोचलं नव्हतं. गंमत अशी, की याचं मला वाईट वाटलं नाही.

तीन दिवसांनी सकाळी मी चौकात उभा होतो. एकनाथ दूध घालून रिकामे कॅन खडखडवत आला. गाडीवर गरम भजी तळली जात होती. मी दोन प्लेट सांगितल्या आणि एक त्याच्यापुढे धरली. त्याने वास घेतला, डोळे मिटले आणि प्लेट माझ्याकडे परत ढकलली.

"आज न्हाई," तो हसत म्हणाला. "आज बुधवार."

दोन्ही प्लेट मी खाल्ल्या.