गाडीला विचारा

मुलांनो, तुम्ही तिकडे लांब, आणि पोलादपूरची माझी मैत्रीण यमू तुम्ही कधी पाहिलीही नाही. तरी आज लिहायलाच हवं. ती जाऊन महिना झाला आणि काल तिच्या पुतण्याने छापलेलं पत्रक आलं. त्यात म्हटलंय, ‘शांत, सोशिक, कुणाला कधी उलट न बोललेली.’ वाचून डोकं तडकलं. यमू? सोशिक?

एकोणीसशे तीसच्या पुढेमागे महाडच्या शाळेत आम्ही शेजारी बसायचो. माझे वडील वकील, तिचे सुतार. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाच्या दोन गाड्या तिने स्वतः केल्या होत्या, चाकांना करंजाचं तेल लावून. त्या उतरत्या फळीवरून सोडायच्या आणि खाली ठेवलेला ठोकळा किती सरकतो ते बघायचं. फळी उंच केली की ठोकळा लांब जाई. “वर चढवली की गाडीच्या अंगात जोर साठतो गो, उतरताना तो बाहेर पडतो,” असं ती सांगे. अकरा वर्षांची पोर! पुढे कॉलेजात हेच मी इंग्रजीतून घोकलं.

शाळा तपासायला साहेब आले तेव्हा गुरुजींनी त्याच गाड्या मांडल्या. एक रिकामी, एकीत चिंचोके भरलेले. “जड ती आधी पोचते,” म्हणाले आणि सोडून दाखवल्या.

यमू उभी राहिली. “गुरुजी, भरलेलीवरचा हात तुम्ही आधी काढलात. दोनी बरोबरच येतात. धडक तेवढी भरलेलीची मोठी.”

“हे तुझ्या बापाने शिकवलं का, रंधा मारता मारता?” वर्ग हसला.

“बापाला कशाला मधी आणता? गाडीला विचारा.”

तिने दोन्ही गाड्यांपुढे फूटपट्टी आडवी धरली आणि झटक्यात उचलली. साहेब हजेरीपटात डोकं घालून बसले होते. आवाजाने मान वर करून त्यांनी मला विचारलं, “काय दिसलं, मुली?” गाड्या बरोबर आल्या होत्या... गुरुजी माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, “भरलेली आधी, साहेब.”

माफी मागितली तरच वर्गात घेईन, असं गुरुजींनी तिच्या वडिलांना बजावलं. वडिलांनी हात जोडले. यमूने नाही. “खरं हाय ते हाय,” एवढंच म्हणाली आणि तिची शाळा सुटली. दोन वर्षांत लग्न होऊन ती पोलादपूरला गेली, मी शिकायला पुण्याला. गुरुजींचा राग मला आजही येतो, त्या हसणाऱ्या वर्गाचाही. पण सगळ्यात जास्त येतो तो नीट वेणी घातलेल्या, खोटं बोलणाऱ्या त्या हुशार मुलीचा.

म्हातारपणी एकदा तिच्या घरी जाऊन मी हे कबूल केलं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, “तुला दिसलं होतं, हे मला तेव्हाच ठाऊक होतं. मी गाड्यांकडे नाय, तुझ्या तोंडाकडे बघत होते.” माफ केलं असं ती म्हणाली नाही. बरंच केलं.

आळीतल्या मुलींना ती स्वयंपाकघरात गाड्या सोडायला लावी. कुणाचा ठोकळा कुठवर गेला, त्या खुणा भिंतीवर खाली कोळशाने केलेल्या आहेत, प्रत्येक रेघेशी एकेका मुलीचं नाव. पुतण्याला त्या भिंतीला चुना लावायचा होता. मी कडक पत्र लिहून थांबवलं. रेघा अजून आहेत.