छतातला ठेका

परदेशातल्या आमच्या या गावात मराठी घरं मोजून आठ, आणि गणपती दरवर्षी सुमाताईंकडे. आरती सुरू झाली की छतातून ठकठक ऐकू येते, अगदी टाळ्यांच्या ठेक्यात. आरती संपली तरी ती थोडा वेळ चालूच राहते, जणू वर कुणीतरी एक कडवं जास्त म्हणतंय. पहिल्या वर्षी मी दचकून वर पाहिलं, तेव्हा सुमाताई म्हणाल्या, “हीटिंगचे पाइप आहेत गं, जुनं घर.” बाहेर घामाच्या धारा लागल्या होत्या, हीटिंग कुठलं चालू असणार? मी मान डोलावली आणि मोदक उचलला.

त्यांच्या थोरल्या मुलीला जन्मापासून चालता-बोलता येत नाही, हे आठही घरांना ठाऊक आहे. पण धाकटीचं लग्न व्हायचंय, स्थळवाले काय म्हणतील, म्हणून तो विषय कुणी काढत नाही. याला आम्ही समजूतदारपणा म्हणतो. येताना लोणच्याच्या बरण्यांबरोबर हाही आम्ही नीट गुंडाळून आणला असावा.

यंदा आरती सुरू झाली आणि छत गप्प. दुसऱ्या कडव्यापाशी आमच्या टाळ्या विस्कटल्या, झांज थांबली, आणि सगळ्यांच्या माना एकदमच वर गेल्या.

हातातलं निरांजन तसंच धरून सुमाताई आमच्याकडे बघत राहिल्या. “म्हणजे तुम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं?”

तेवढ्यात वरून एकच ठक आली, हलकी.

“नाव काय तिचं?” मी विचारलं.

अकरा वर्षं मी त्या घरचे मोदक खात होते.