अवघड ग्राहक

इमारतीतले लोक त्यांना प्रवक्ते म्हणत. कुणाचे प्रवक्ते, हे विचारायची सोय नव्हती, कारण ते सगळ्यांच्याच वतीने बोलत. संध्याकाळी बातम्यांच्या वाहिनीवर आठ चौकटींतून आठ डोकी एकदम ओरडायला लागली की नववं डोकं पहिल्या मजल्यावरच्या या हॉलमधून ओरडे. "अरे, त्याला बोलू दे की जरा!" असं ते निवेदकाला दरडावत, आणि तो बिचारा बोलायला लागला की "हा काय बोलणार, कपाळ!" म्हणून त्यालाही गप्प करत. सरकार कुठलंही असो, प्रवक्ते विरोधात. विरोधक बोलायला उठले की त्यांच्याही विरोधात. जाहिराती कार्यक्रमापेक्षा मोठ्या आवाजात का लागतात, खालची बातम्यांची पट्टी वाचून व्हायच्या आत का पळते, सकाळची शिळी बातमी रात्रीपर्यंत ताजी म्हणून कशी वाढतात, यावर त्यांची ठाम मतं होती आणि ती जिन्यापर्यंत ऐकू जात.

गंमत अशी, की हा माणूस निवृत्त होईपर्यंत बस डेपोच्या चौकशी खिडकीत बसत असे. तिथे लोक काकुळतीला येऊन गाडी कधी सुटणार विचारत आणि हे मान वर न करता सांगत, "बोर्डावर लिहिलंय, वाचा." खिडकी सुटली आणि साहेब पलीकडच्या बाजूला आले. मग मात्र त्यांना एकाएकी साक्षात्कार झाला, की या जगात सामान्य माणसाला कुणी नीट उत्तर देत नाही.

तर त्यांनी फोन हातात घेतला. कंपन्यांच्या ग्राहक सेवेला फोन करणं ही त्यांची कला झाली. कुणाचा फ्रिज गार होत नाही, कुणाचं इंटरनेट रांगतंय, कुणाची गॅसची शेगडी नवी असून भडकते, सगळे प्रवक्त्यांकडे येत. प्रवक्ते हॉलचं दार उघडं ठेवत, फोन स्पीकरवर टाकून टीपॉयवर ठेवत, आणि मंडळी जमत. खालच्या दुकानातला टेलर गळ्यात टेप तसाच ठेवून येई. समोरच्या घरातल्या निवृत्त नर्सबाई स्वतःची खुर्ची घेऊन येत. "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे," असं यंत्र म्हणालं की सगळे हसत. मग पलीकडून एखादी पोरगी "मी आपली अडचण समजू शकते सर," म्हणायची, आणि प्रवक्ते बाह्या सरसावून म्हणायचे, "समजू शकता ना? मग सांगा बघू, काय समजलं?" पोरगी अडखळली की टेलर मांडीवर थाप मारी. ती रडकुंडीला आली तर नर्सबाई म्हणत, "पुरे हो आता," पण खुर्ची सोडत नसत.

घरात दोनच माणसं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि मुलगी सासर सोडून परत आली होती. ती कशी परत आली, हे नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. तिला कुणी हाकललं नव्हतं. एके दिवशी सकाळी तिने नवऱ्याला शांतपणे सांगितलं, "मला इथे राहायचं नाही," बॅग भरली आणि बस पकडली. बापापाशी येऊन तिने एवढंच म्हटलं, "माझं मी ठरवलंय, बाबा. कुणाला दोष देऊ नका." बापाने मान डोलावली, आणि नातेवाइकांना भलतंच सांगितलं. म्हणाले, त्यांनी टाकली हो पोरीला. निघून आलेल्या मुलीबद्दल लोक दहा प्रश्न विचारतात, टाकलेल्या मुलीबद्दल नुसतं हळहळतात. प्रवक्त्यांना प्रश्न विचारायला आवडत, विचारून घ्यायला नव्हे.

मागच्या वर्षी एका संध्याकाळी ऐन चर्चेच्या वेळी त्यांचा टीव्ही निळा पडला. सेट टॉप बॉक्स मेला होता. मुलगी औषधं आणायला बाहेर गेली होती. प्रवक्त्यांनी फोन लावला, दार उघडलं, मंडळी जमली. पलीकडची मुलगी पक्की निघाली. काही केल्या आवाज चढवीना. "सर, तंत्रज्ञ चार दिवसांनी येईल," एवढंच धरून बसली होती. प्रवक्त्यांनी कायदा काढला, ग्राहक मंच काढला, तुमच्या मालकाचं नाव सांगा म्हणाले. ती म्हणे चार दिवस. टेलर चुळबुळायला लागला. आज प्रवक्ते हरणार, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसायला लागलं, आणि तेच प्रवक्त्यांना सहन झालं नाही.

"अहो बाई," ते आवाज खाली आणून म्हणाले, "माझ्या घरात नवऱ्याने टाकलेली मुलगी आहे. दिवसभर भिंतीकडे बघत बसते. संध्याकाळी त्या दोन मालिका बघते म्हणून जिवंत आहे. चार दिवसांत तिने काही बरंवाईट करून घेतलं, तर तुम्ही याल का खांदा द्यायला?"

"सर, मी आत्ताच कुणाला तरी पाठवते," पलीकडची मुलगी घाईघाईने म्हणाली. तासाभरात तंत्रज्ञ दारात. "काय दाबून धरलंत हो!" टेलर म्हणाला. नर्सबाईंनी मात्र डोळे टिपले. मुलगी औषधं घेऊन आली तेव्हा टीव्ही चालू होता. तिला मालिका आवडतच नसत. ती आत जाऊन वाचत बसली.

या वर्षी तिला नोकरी लागली. त्याच सेट टॉप बॉक्सवाल्या कंपनीच्या ग्राहक सेवेत. शहरात दुसरीकडे कुठे डाळ शिजली नव्हती, आणि तिला स्वतःच्या पायावर उभं राहण्याची घाई झाली होती. कागदोपत्री अजून नवऱ्याचंच आडनाव होतं, तेच लागलं. प्रवक्त्यांनी चिक्कार चेष्टा केली. "आता शत्रूच्या गोटात आपला माणूस," असं ते जिन्यात सगळ्यांना सांगत सुटले. ती हसायची. बऱ्याच दिवसांनी ती सकाळी लवकर उठून केस नीट विंचरत होती, आणि हे बघून बापाला आतून किती बरं वाटत होतं, ते त्यांनी तिला कधी सांगितलं नाही.

प्रशिक्षणाच्या पहिल्याच आठवड्यात ती घरी आली आणि दाराशीच स्टुलावर बसली. पर्सही खांद्यावरून काढली नाही. प्रवक्ते टीव्हीतल्या एका मंत्र्याला धारेवर धरत होते.

"बाबा, तो बंद करा."

त्यांनी आवाज कमी केला.

"बंद करा म्हटलं."

त्यांनी बंद केला.

"आज वर्गात एक टेप लावली," ती म्हणाली. "अवघड ग्राहक म्हणून. प्रत्येक नव्या बॅचला लावतात. नाव आणि नंबर पुसलेला असतो. आवाज नाही पुसत."

कुठली टेप, हे प्रवक्त्यांनी विचारलं नाही. त्यांना लगेच कळलं होतं, आणि कळलं याचीच पहिली लाज वाटली.

"आधी सगळे हसले. तुम्ही मालकाचं नाव विचारलंत तिथे मीसुद्धा हसले. ओळखलं होतं तरी. म्हटलं, बाबाच ते, दुसरं कोण असणार. मग पुढचं आलं." ती थांबली. "तिथे शिकवणाऱ्या मॅडमनी टेप थांबवली आणि प्रत्येकाला उभं केलं. या ग्राहकाला आता काय म्हणाल? माझी पाळी आली. मी म्हणाले, आपल्या मुलीबद्दल ऐकून वाईट वाटलं, सर. मॅडम म्हणाल्या, कोरडं झालं, आणखी मायेने म्हणा. मग मी आणखी मायेने म्हटलं."

"ते आपलं तेवढ्यापुरतं," असं काहीसं प्रवक्ते पुटपुटले. मुलगी उठली, आत गेली. दार आपटलं असतं तर बरं झालं असतं. तिने ते हळूच लावलं.

पुढचे कितीतरी दिवस टीव्ही बंद राहिला. टेलर इस्त्रीची तक्रार घेऊन आला, तर घसा बसलाय म्हणाले. खोटं बोलतानाही त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येई, आणि तो आता भरलेल्या वर्गात ऐकू येतोय असंच वाटे. आंघोळ करताना, भाजी चिरताना, कधीही ते एकच वाक्य कानात यायचं, टाकलेली मुलगी आहे, आणि त्यांचे कान तापायचे. मुलगी कामावर जात होती, येत होती, जेवण वाढत होती. मीठ हवं का, एवढंच विचारत होती.

शेवटी एका दुपारी त्यांनी दार लावून घेतलं, स्पीकर न लावता फोन कानाला धरला, आणि कंपनीचा नंबर फिरवला. यंत्राने नव्या जोडणीसाठी एक, तक्रारीसाठी दोन वगैरे सांगितलं. केलेलं परत घेण्यासाठी कुठलाच आकडा नव्हता. त्यांनी दोन दाबलं. सर्दी झालेल्या आवाजाची एक बाई फोनवर आली.

"माझी एक टेप तुमच्याकडे आहे," प्रवक्ते म्हणाले. "शिकवायला वापरता ती. ती पुसून टाका. विनंती आहे."

बाई जरा घुटमळली. "काका... तुम्ही ते खांदावाले काका का हो? आवाज अगदी तसाच आहे. आमच्या बॅचला तुम्हीच होतात!" आणि मग, प्रवक्त्यांना काही सुचायच्या आत, ती खरोखरच्या काळजीने म्हणाली, "तुमची मुलगी कशी आहे हो आता? आम्ही सगळ्या जणी त्या दिवशी जेवताना तिच्याबद्दलच बोलत होतो."

प्रवक्त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात इतक्या पोरींना झापलं, त्यातल्या एकीने त्यांच्या मुलीची विचारपूस केली होती. "बरी आहे," ते म्हणाले. "नोकरीला लागली. आणि हे बघा, तिला कुणी टाकलेलं नाही. ती स्वतःहून आली. मी खोटं बोललो होतो. चुकलं माझं."

"असू द्या हो काका. बापाचा जीव असतो. मी वर कळवते."

फोन ठेवला तेव्हा त्यांना हलकं हलकं वाटलं. त्यांनी चहा टाकला. संध्याकाळी मुलगी आली तशी दारातच सांगायला लागले, "अगं, आज मी तुमच्या कंपनीला फोन केला. सगळं खरं सांगून टाकलं. ती टेप आता—"

"माहीत आहे," मुलगी म्हणाली. ती आज स्टुलावर बसली नाही, उभीच राहिली. "चार वाजता आमच्या साहेबांनी सगळा मजला गोळा केला. म्हणाले, आपल्या त्या काकांचा परत फोन आला होता, त्यांची ती मुलगी सावरली, तिला नोकरीसुद्धा लागली. आपल्या कामाने माणसं जगतात, असं म्हणाले. टेप काढणार नाहीत. आता दोन्ही कॉल जोडून ऐकवणार आहेत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या." तिने त्यांच्याकडे बघितलं. "मीही वाजवल्या, बाबा."

"ही कसली कंपनी!" प्रवक्ते उसळून म्हणाले. "मी स्पष्ट सांगितलं होतं, की—"

तिच्या चेहऱ्याकडे बघून ते थांबले.

"तुम्ही तिला सांगितलंत चुकलं म्हणून," मुलगी म्हणाली. "ओळख ना पाळख, तिला सांगितलंत. मी रोज संध्याकाळी घरात असते." मग तिला काहीतरी सुचलं, आणि ती सावकाश म्हणाली, "त्या दिवशी फोन केलात तेव्हा कोण कोण बसलं होतं इथे?"

प्रवक्त्यांची नजर समोरच्या घराच्या दाराकडे गेली.

"म्हणून नर्सबाई जिन्यात माझा हात धरून ठेवतात होय? वर्षभर मला वाटत होतं, म्हाताऱ्या झाल्यात, आधार लागतो."

कपातला चहा निवत होता. प्रवक्त्यांना वाटलं, आता ही पुन्हा आत जाईल आणि हळूच दार लावून घेईल, आणि या वेळी ते कायमचंच असेल. ते उठले. त्यांनी हॉलचं दार पुरतं उघडलं, समोरची बेल वाजवली आणि जिन्यातून खाली टेलरला हाक मारली. नर्सबाई सवयीने खुर्ची घेऊनच आल्या. टेलर गळ्यातला टेप सावरत वर आला, हात चोळत म्हणाला, "बसला का घसा जागेवर? आज कुणाची खबर घ्यायची?"

प्रवक्त्यांचा हात सवयीने टीपॉयकडे गेला आणि परत आला. टेलरकडे बघून बोलणं सोपं होतं, नर्सबाईंकडे बघून त्याहून सोपं. ते दोघांकडे पाठ करून मुलीसमोर उभे राहिले.

"मी तुझ्याबद्दल या लोकांना खोटं सांगितलं," ते म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला, की मागून टेलर म्हणाला, "काय म्हणालात? ऐकू नाही आलं."

तेव्हा त्यांनी ते पुन्हा, मोठ्याने म्हटलं.