अकरा तोफा, दीड मिलिमीटर

मी आयुष्यभर मध्यरेषेवर पोट भरलं. बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात मी ड्राफ्ट्समन होतो. टेबलावर कागद चिकटवला की पहिली रेघ मध्यरेषेची, बारीक आणि तुटक. मग तिच्या दोन्ही बाजूंना बाकीचं जग. पाण्याची टाकी असो की पुलाचा खांब, आधी मधोमध रेघ. ही सवय इतकी अंगात मुरली होती की घरातलं कॅलेंडरसुद्धा मी पट्टी लावून सरळ करत असे. बायको म्हणायची, लग्नाआधी मीच ओळंबा धरून हा माणूस तपासायला हवा होता.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही कामोठ्याला राहायला गेलो. इमारत नवीकोरी आणि निम्मी रिकामी होती. तळमजल्यावर एक कोकणी मुसलमान गृहस्थ राहायचे, जहाजांच्या इंजिनखोलीत नोकरी करून निवृत्त झालेले. सगळी सोसायटी त्यांना चाचा म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. एकदा पाण्याच्या मोटरची तक्रार घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि मोटर विसरूनच गेलो, कारण शोकेसवर एक लाकडी गुराब ठेवलेली होती.

गुराब म्हणजे पूर्वी कोकण किनाऱ्यावर फिरणारं लढाऊ जहाज, पुढचं टोक पाण्यावर लांब झुकलेलं. ही हातभर लांबीची होती. फळीला फळी अशी बसलेली की नख जाणार नाही. दोन्ही कुशींना सहा-सहा खिडक्या, प्रत्येक खिडकीमागे चार चाकांचा इवलासा लाकडी गाडा. गाडे बारा आणि तोफ मात्र एकच. मी विचारलं, बाकीच्या कुठे गेल्या? चाचा म्हणाले, बसा, चहा सांगतो.

त्यांचे वडील रायगडच्या किनाऱ्यावर खाडीकाठी गलबतं बांधायचे. ही गुराब त्यांनी रिकाम्या वेळात केली. चाचांना एक मोठी बहीण, आपा. आपा दिवसभर वडिलांच्या मांडवात, म्हणजे गलबतं बांधायच्या छपराखाली असायची, गुराब पुसायचं काम तिचं. चाचा सात वर्षांचे असताना गावात चिक्कीवाला आला. मोडतोड द्या आणि चिक्की घ्या, असा त्याचा धंदा. चाचांनी गाड्यांवरून उचकटून अकरा तोफा त्याला दिल्या. बारावी निघाली नाही म्हणून वाचली. वडिलांनी आपाला जाब विचारला, कारण जहाज तिच्या ताब्यात. ती काही बोलली नाही. तिने मार खाल्ला आणि वडिलांनी तिला मांडवात यायची बंदी केली. ती बंदी कधी उठलीच नाही, पुढे तिचं लग्न होऊन ती सासरी गेली.

“आता आपा डोळ्याच्या ऑपरेशनला पनवेलला येनार हाय, माज्याकडेच उतरेल,” चाचा म्हणाले. “तिच्यासमोर ही पुरी करून ठेवायची आनि मग सांगायचं. नुसतं सांगायला माजं तोंड होत नाय.”

आपा यायला दीड महिना होता. मी त्याच बैठकीत म्हणून टाकलं की अकरा तोफा मी करवून देतो, आणि हुबेहूब, जशा त्या काळी होत्या तशा. कोणी मागितलं नसताना ‘हुबेहूब’ हा शब्द मीच मध्ये घातला. पुढचा सगळा घोळ त्या शब्दाने केला.

उरलेली तोफ जपून सोडवून मी घरी आणली आणि व्हर्निअर लावून तिचा कणन् कण मोजला. लांबी पंचेचाळीस मिलिमीटर. शिशाची ओतलेली, मागे जाड, तोंडाकडे निमुळती होत गेलेली, तोंडाशी पुन्हा एक कडं. जिथे तोफ गाड्यावर टेकते तिथे तांब्याचा एक खिळा आरपार घातलेला; त्याची दोन टोकं दोन्हीकडे बाहेर आलेली. चाचा त्यांना तोफेचे कान म्हणायचे, मीही तेच म्हणू लागलो. त्या वेळी मला तोफांचं वेडच लागलं. पाठीमागे गोळीसारखं बोंड कशाला? अंगावर कडी किती आणि का? दारू भरताना तोफ आत ओढत असतील का? जेवताना मी बायकोला बत्तीचं भोक कुठे असतं ते सांगत असे आणि ती भात वाढून दुसरीकडे बघत असे. मला खरोखर मजा येत होती. पुलाच्या खांबाने मला असं कधी जागं केलं नव्हतं.

मोजताना एक गोष्ट खटकली. कान मधोमध नव्हते, दीड मिलिमीटर खाली होते. मी हसलो. म्हटलं, म्हातारा सुतार गलबतात पटाईत असेल, पण खिळा मारताना हात घसरला. कागद चिकटवला, मध्यरेषा ओढली आणि कान बरोबर तिच्यावर बसवले.

ड्रॉइंग घेऊन पावणे गावच्या औद्योगिक वसाहतीत गेलो. तिथे एका शेडमध्ये ओळखीचा टर्नर लेथ चालवायचा, मूळ त्याच गावचा आगरी. त्याच्या बापाची शेती होती तिथेच आता कारखाने उभे होते. तो दिवसभर पंपांचे बुश काढायचा, शेकड्याने, एकासारखा एक. त्याने माझा कागद लेथच्या उजेडाखाली धरला, मग जुनी तोफ बोटांत फिरवली, मग पुन्हा कागद बघितला.

“साहेब, हिचा कान खाली हाय. तुमच्या कागदावर मदी हाय.”

“ती हाताने केलेली आहे, हात चुकतो,” मी म्हणालो. “कागदाप्रमाणे करा.”

त्याने मान हलवली आणि पितळी रॉड चकमध्ये धरला. पितळ कसं सोन्यासारखं किस काढत निघतं ते मी तासभर उभा राहून पाहिलं. तीन आठवड्यांत अकरा तोफा तयार झाल्या. एका ओळीत ठेवल्या तर एकीचं तोंड दुसरीच्या पुढे नाही. चाचांनी त्यांना दिव्याची काजळी आणि जवसाचं तेल चोळलं, म्हणजे पितळेचं लोखंड झालं. मी मनात स्वतःचीच पाठ थोपटत होतो.

मग त्या गाड्यांवर बसवल्या. पहिली बसली आणि पुढे ढकलली तर तोंडाचं कडं खिडकीच्या खालच्या कडेला अडलं. दुसरी अडली, तिसरीही. जुनी तोफ मात्र तिच्या खिडकीतून ऐटीत बाहेर. मी म्हणालो, खिडक्या जरा घासू. चाचांनी जहाजावर हात ठेवला. म्हणाले, अब्बांच्या लाकडाला कानस लागनार नाय. गाड्याखाली पट्टी घालू म्हणालो तर तेही त्यांनी उडवून लावलं. आपा यायला आता दहा दिवस उरले होते.

रात्र घरात चिडचिड करण्यात गेली. सकाळी चाचा दारात उभे, टोपी घालून, हातात पिशवी. आमच्या गावाकडे चला म्हणाले, समुद्रातल्या किल्ल्यात खऱ्या पडल्यात. पनवेलहून एसटी धरली. होडीने किल्ल्यात गेलो. बुरुजावर गवतात दोन तोफा आडव्या होत्या, त्यांतली एक सरळ पडलेली. मी पट्टी काढली, ओळंबा सोडला, पोटावर पडून मोजलं. तोंडाच्या भोकाचा मध्य एकीकडे आणि कानाचा मध्य दुसरीकडे. कान खाली. दुसऱ्या तोफेचेही खाली. पुन्हा मोजलं, कारण माझा माझ्यावरच विश्वास बसेना. बकऱ्या चारणारी एक बाई थांबून विचारत होती की सरकार तोफा घेऊन जाणार आहे का.

मी तिथेच गवतात बसून राहिलो. ज्या सुताराला मी हसलो होतो त्याने तोफ नीट पाहिली होती, आणि मी कागद पाहिला होता. मला लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत. चाचा मात्र खूश होते. अब्बा चुकले नव्हते, एवढंच त्यांना पुरे होतं. परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसून आपल्याशीच हसत होते.

दुसऱ्या दिवशी पावण्याला जाऊन टर्नरला सगळं सांगितलं. भोकं मधोमध पाडून झाली होती, म्हणजे अकराच्या अकरा बाद. तो चिडेल असं वाटलं होतं. त्याने हात पुसले आणि कान खाली का, यावरच विचार करत बसला. बोटावर स्क्रू ड्रायव्हर तोलून त्याने मला दाखवलं. “उडताना मागं हिसका बसल,” तो म्हणाला. “कान खाली असला तं बूड गाड्यावर दाबून बसल, उसळनार नाय. तसंच असल.” खरं की खोटं मला आजही ठाऊक नाही, पण त्याने विचारलं तरी. मी विचारलंच नव्हतं. या वेळी मी ड्रॉइंग केलं नाही. जुनी तोफ त्याच्यापुढे ठेवली आणि म्हणालो, हीच बघून करा. रोजचे बुश संपले की तो थांबायचा. आठवड्याच्या आत नव्या अकरा माझ्या हातात आल्या.

आपा आल्या त्या दिवशी चाचांनी मला मुद्दाम खाली बोलावलं. एकट्याने धीर होत नव्हता. आपा बारीक, ताठ, डोक्यावर पांढरी ओढणी. दोन्ही डोळ्यांवर मोतीबिंदूची साय. चाचांनी गुराब त्यांच्या मांडीजवळ ठेवली आणि त्यांचा हात धरून लाकडावर नेला. काय आहे ते त्यांना लगेच कळलं. टोकापासून बोटं सरकत कुशीवर आली, पहिल्या तोफेवर थांबली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. सहाही मोजल्या, जहाज फिरवायला लावून पलीकडच्या सहाही. मग एक तोफ उचलून त्यांनी तिच्या पोटाखालून अंगठा फिरवला, कानापासून कानापर्यंत.

“कान बरोबर खाली ठेवलेत,” त्या म्हणाल्या. “माजी पयली मधीच झालेली. तोंड अडायचं. अब्बा हसले, म्हनाले, पुन्ना ओत.”

चाचा गोंधळले. “तुझी?”

“मग? अब्बांनी एकच केलेली, मला दाखवायला. बाकीच्या अकरा माज्या.”

मला आधी माझीच चूक आठवली, ती अकरा-बारा वर्षांच्या पोरीने करून, सुधारूनही टाकली होती. मग चाचांकडे पाहिलं. ते साठ वर्षं बापाच्या तोफा विकल्याचा अपराध उराशी घेऊन बसले होते. चिक्कीपायी गेलेल्या तोफा बहिणीच्या होत्या, तिनेच त्यांचा मार खाल्ला होता, आणि त्यानंतर तिने आयुष्यात पुन्हा काही ओतलं नव्हतं. शिसं मांडवात होतं आणि मांडव तिला बंद झाला होता.

“आपा,” चाचांनी सुरुवात केली, “तुला सांगायचं होतं, त्या तोफा...”

आपांनी हातातली तोफ चाचपडत तिच्या गाड्यावर परत बसवली. ती नीट बसली आणि तोंड खिडकीबाहेर गेलं, हे बोटाने पाहिलं.

“या आता चिक्कीवाल्याला देऊ नको,” त्या म्हणाल्या.

चाचांनी नुसती मान हलवली. मग ती आपांना दिसणार नाही हे लक्षात येऊन त्यांनी बहिणीचा हात धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.